साठच्या खाली

पद्मजा मगदूमचा आकडा दुपारी एकसष्टवर आला तेव्हा काउंटरसमोरची रांग रसवंतीपर्यंत गेली होती. तिनं पांढऱ्या कोटाच्या खिशातून चपटी डबी काढली, करंगळीच्या टोकावर हिरवा खर्डा घेतला आणि जिभेखाली दाबला. कानशिलं तापली, डोळ्यांत पाणी तरारलं. संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा वर सरकू लागला. अडुसष्ट. चौऱ्याहत्तर. ब्याऐंशी.

"पुढं कोण आहे?" नाक पुसत तिनं विचारलं.

"मी हाय की मगाधरनं," जतकडची एक बाई म्हणाली. "सर्दी झालीया व्हय बाई तुमास्नी? सोताच्या दुकानातली गोळी घ्या की."

शेजारच्या काउंटरवर यास्मिन बागवान मान खाली घालून हसली.

अनुपान फार्मसीची ही मिरज शाखा दवाखान्यांच्या गल्लीत होती. सकाळची ओपीडी सुटली की जत, कवठेमहांकाळ, अथणी, कागवाड अशी चहूकडची माणसं चिठ्ठ्या घेऊन इथं यायची. दोन नोंदणीकृत फार्मासिस्ट होत्या. पद्मजा चाळिशीतली, शाखा उघडल्यापासूनची. यास्मिन तिच्याहून बरीच लहान, तोंडानं फटकळ, हातानं चलाख. दोघींच्या पडद्यांच्या वरच्या कडेला काडेपेटीएवढं एक यंत्र बसवलेलं होतं. सरकारी कागदात त्याचं नाव लांबलचक होतं. राज्यभरातले औषधवाले त्याला जागल्या म्हणत.

जागल्या डोळे वाचायचा. डोळ्यातली बाहुली उजेडानं लहानमोठी होते, हे सगळ्यांना माहीत असतं. ती मेंदूच्या मेहनतीनंही लहानमोठी होते, हे कमी जणांना माहीत असतं. मेंदूच्या देठात निळसर पेशींचा एक बारीक ठिपका आहे. माणूस लक्ष देऊन काही करू लागला की त्या पेशी साऱ्या मेंदूला हाक देतात, आणि त्याच हाकेनं बाहुली किंचित रुंदावते. माणूस थकला की ही हाक ढिली पडते. बाहुली डबक्यातल्या पाण्यासारखी संथ हेलकावे घेते, मिटलेली पापणी उघडायला वेळ लावते, नजर ओळीवरून सरकत राहते पण कुठं थांबत नाही. अशा वेळी माणूस बघत असतो, वाचत नसतो. जागल्या हे सारं मोजायचा आणि शंभरपैकी एक आकडा द्यायचा. त्या आकड्याला नाव होतं जागेपण.

हा नियम एका मृत्यूनंतर आला होता. राज्यातल्या कुठल्याशा दुकानात सकाळपासून एकट्यानं उभ्या असलेल्या फार्मासिस्टनं एका लहान मुलाला दसपट ताकदीचं औषध दिलं होतं. आरडाओरड झाली आणि औषध दुकानांतल्या मनुष्यबळाचा कायदा बदलला. जागेपण साठच्या खाली गेलं आणि तिथंच राहिलं, तर त्या फार्मासिस्टचा औषधांचा ड्रॉवर बंद. विश्रांती घेतल्यावर किंवा दुसऱ्या फार्मासिस्टनं जागा घेतल्यावरच तो उघडायचा. जिथं ड्रॉवर वारंवार बंद पडेल, तिथं मालकानं आणखी एक माणूस नेमायचा. कायदा आला त्या दिवशी औषधवाल्यांनी पेढे वाटले होते.

मग ड्रॉवर बंद पडू लागले आणि रांगेतली माणसं अंगावर येऊ लागली. कुणाची एसटी सुटत होती, कुणाची आई ऑपरेशनच्या टेबलावर होती. मिरजेच्या काउंटरवरून माणूस रिकाम्या हातानं परत जात नाही, हा पद्मजाचा जुना अभिमान होता. एकदा ती आतल्या खोलीत उभ्यानंच भाकरी खाऊन परत आली. सोबत घरचा खर्डा होता, जैनाघरचा, बिनलसणीचा, पण मिरची लवंगी. तोंड पोळलेलं होतं आणि आकडा पंच्याऐंशी. तिनं यास्मिनला दाखवलं. यास्मिननं शोधून वाचलं, तेव्हा उलगडा झाला. मेंदूतला तो निळा ठिपका जसा कामाला जागा होतो, तसाच आगीलाही. माणूस जागा आहे एवढं यंत्राला कळायचं. कशानं, ते नाही.

तेव्हापासून मिरजेचा ड्रॉवर बंद पडला नव्हता. बाकीच्या गावांतही कुणी लवंग चावू लागलं, कुणी नाकाखाली बाम लावू लागलं. यात कुणाचं नुकसान आहे, असं कुणालाच वाटलं नाही.

त्या दुपारी इलाही सतारमेकर आले. भोपळ्याला तार जोडणारी त्यांची बोटं सांधेदुखीनं वाकडी होत चालली होती. डॉक्टरांनी नवी चिठ्ठी दिली होती. पद्मजानं औषधांची नावं घातली, पडद्यावर एक सूचना उमटली, तिनं ती बाजूला सारली. अशा सूचना दिवसभर उमटायच्या. निम्म्या निरर्थक असायच्या, आणि बोट त्यांना आपोआप सारायला शिकलं होतं. लेबल छापलं. तिनं पुडकं त्यांच्या हातात दिलं.

"एक गोळी रोज रात्री, चाचा. जेवणानंतर."

"जी." ते वळले.

"चाचा, जरा थांबा," यास्मिन म्हणाली. तिच्या हातात दुसऱ्याच पेशंटची बाटली होती. "बघू ते."

तिनं लेबल वाचलं आणि पुडकं न बोलता पद्मजापुढं ठेवलं. मेथोट्रेक्सेट. सांध्यांसाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर हाडांतला रक्त तयार करणारा मगज जळून जातो. दोन आठवड्यांत माणूस संपतो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'दर रविवारी' असं स्वच्छ लिहिलं होतं.

पद्मजानं चिठ्ठी बघितली होती. वाचली नव्हती.

"काय झालं, बेटा?" चाचांनी विचारलं.

"काही नाही. फक्त रविवारी घ्यायची. मी चुकीचं सांगितलं," पद्मजा म्हणाली. तिनं नवं लेबल लावलं, त्यांच्याकडून 'रविवारी' असं दोनदा म्हणवून घेतलं. ते गेल्यावर तिनं पडद्याच्या कोपऱ्याकडं पाहिलं. चौऱ्याऐंशी.

"दीदी, पाणी प्या," यास्मिन म्हणाली. "वाचले ना चाचा? मग झालं."

"तू नसतीस तर?"

"मी आहे की. कुठं जाणार आहे?"

दुसऱ्याच दिवशी विभागीय व्यवस्थापक सारंग उपळेकर पुण्याहून आला. चाळिशीच्या आतला, इस्त्रीचा शर्ट, सगळ्यांशी गोड बोलणारा. आतल्या खोलीत खोक्यांमधून जागा काढून तो बसला आणि टॅबलेट पद्मजापुढं धरला.

"मॅडम, अख्ख्या राज्यात तुमच्यासारखी शाखा नाही. वर्षभराची सरासरी ऐंशीच्या वर. एकदाही लॉक नाही."

"दोघी आहोत ना आम्ही."

"तेच सांगतोय. यास्मिन मॅडम रजेवर होत्या तेव्हा तुम्ही एकट्याच होतात. तेव्हाही ऐंशीच्या वर! हे आम्ही सरकारच्या आढावा समितीसमोर मांडलंय. नीट प्रशिक्षण असेल तर एका दुकानाला एक फार्मासिस्ट पुरतो. गुरुवारी औषध निरीक्षक स्वतः बघायला येतायत. तुम्ही दिवसभर एकट्यानं काउंटर चालवायचं, जागल्याचा आकडा मोठ्या पडद्यावर. त्यांचं समाधान झालं की कायद्यातलं दुसऱ्या माणसाचं कलमच जाणार. सगळ्या महाराष्ट्रात."

"आणि यास्मिन?"

"बुधवार शेवटचा. त्यांना कळवलंय." त्यानं आवाज खाली आणला. "तुम्हाला मात्र कंपनी विसरणार नाही. सांगली आणि तासगावचे काउंटरही तुम्ही पडद्यावरून बघाल."

"काल माझ्या हातून मेथोट्रेक्सेट रोज घ्यायला सांगितलं गेलं. यास्मिननं धरलं."

सारंगनं टॅबलेट खाली ठेवला. "आकडा किती होता तेव्हा?"

"चौऱ्याऐंशी."

"मग ती थकव्याची चूक नाही. तेवढी चूक कुणाकडूनही होते." तो उठला. "मॅडम, गुरुवारी फक्त नेहमीसारखं काम करा."

बाहेर यास्मिन पाठ करून गोळ्यांच्या पट्ट्या रचत होती. कळवलेलं तिनं वाचलं होतं, हे तिच्या हातांच्या आपटण्यावरून कळत होतं.

"यास्मिन."

"अभिनंदन, दीदी. तीन गावांच्या राणी झालात."

"मी मागितलं होतं का?"

"नाही. तुम्ही डबी आणली फक्त." ती वळली. तिचे डोळे कोरडे होते. "आणि मी ती चाटली, मीच वाचून सांगितलं कशी चालते ते. रांगेतल्या कुणाला हाकलायचं नव्हतं म्हणून आपण दोघींनी मिळून वर्षभर कंपनीला लिहून दिलं की आम्ही थकत नाही. आता त्यांनी ते खरं मानलं तर त्यांचं काय चुकलं?"

"गुरुवारी मी खर्डा आणणार नाही."

"मग ड्रॉवर बंद पडेल. ते म्हणतील बाईंना बरं नव्हतं. पुढच्या गुरुवारी दुसऱ्या गावात, दुसरी बाई, दुसरी डबी." यास्मिननं पट्टी खाली ठेवली. "वर्षभराचा ऐंशीचा आकडा तसाच राहील, दीदी. तो कोण पुसणार?"

घरी पद्मजा पोचली तेव्हा जिनदत्तचं, तिच्या नवऱ्याचं, जेवण झालेलं होतं. तो दिवस मावळायच्या आत जेवायचा. तीही जेवायची पूर्वी, दुकानातली पाळी लांबेपर्यंत. तो द्राक्षांच्या शीतगृहात कामाला होता आणि यंत्रांवर त्याचा फारसा विश्वास नव्हता.

तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला.

"निरीक्षकाला सांगितलंस तर तुझी नोंदणी राहील?"

"यंत्राला फसवलं म्हणून निलंबन होईल. रद्दही होऊ शकते."

"मग एवढ्या वर्षांचं काय?"

"अहो, काल एक माणूस मेला असता."

"मेला नाही ना?"

"यास्मिन होती म्हणून नाही मेला. गुरुवारपासून ती नाही. आणि राज्यातल्या कुठल्याच दुकानात दुसरं कुणी नसणार, का, तर मिरजेच्या पद्मजा मगदूमनं एकटीनं जमवून दाखवलं. माझं नाव लावून चाललंय हे."

जिनदत्तनं उठून तिचं ताट वाढलं. "मी सांगेन ते तू ऐकणार आहेस का?"

"नाही."

"मग विचारतेस कशाला? जेव." त्यानं ताट पुढं सरकवलं. "पण त्या पुणेकराच्या तोंडावर सांग. पाठीमागं पत्रं लिहीत बसू नकोस."

गुरुवारी निरीक्षक मंदाकिनी तोडकर दुकान उघडायच्या आधी हजर होत्या. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. सारंगनं दिलेली खुर्ची त्यांनी काउंटरच्या आत, पद्मजाच्या डाव्या हाताला ओढून घेतली. भिंतीवर मोठा पडदा लावलेला होता. सकाळी त्यावर नव्वद झळकत होते आणि सारंग खुशीत होता.

ओपीडी सुटली. रांग वाढली. पद्मजा सावकाश काम करत होती. प्रत्येक सूचना वाचत होती, प्रत्येक पेशंटकडून औषधाची वेळ वदवून घेत होती. खिसा रिकामा होता.

"लई टाइम लावतीयास बाई आज," रांगेतून कुणी ओरडलं. "शाळा घेतीयास का?"

"वाचून देते, काका."

"रोज काय न वाचता देत हुतीस?"

रांग हसली. पद्मजानं पुढची चिठ्ठी घेतली.

दुपार कलली तसा आकडा उतरू लागला. पंच्याहत्तर. सत्तर. तिला ते आतून जाणवत होतं. अक्षरं दिसत होती, पण त्यांचा अर्थ एक क्षण उशिरा येत होता. वर्षभर याच वेळेला ती डबी काढायची, म्हणून हा उशीर तिनं कधी इतका स्पष्ट पाहिलाच नव्हता. तासाभरानं चौसष्ट. मग अठ्ठावन्न. सारंग तिच्या मागं येऊन उभा राहिला.

"मॅडम, पाच मिनिटं चहा घ्या."

"रांग आहे."

थोड्या वेळानं ड्रॉवरचं कुलूप आत कुठंतरी खट्कन पडलं. पडद्यावर चोपन्न, लाल अक्षरांत. पुढं उभ्या असलेल्या कागवाडच्या म्हाताऱ्यानं आपली चिठ्ठी काचेवर दाबून धरली होती, ती तशीच राहिली.

"हे कसं काय?" सारंग निरीक्षकांकडं वळला. "मॅडमना आज बरं नाहीये, वर्षभराचे आकडे तुमच्याकडं आहेतच."

"मला बरं आहे," पद्मजा म्हणाली. ती स्टुलावरून उठली आणि रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. "मी थकले आहे. रोज याच वेळेला थकते. वर्षभर थकत आले. तोडकर मॅडम, ते आकडे खोटे आहेत."

"मगदूम मॅडम!" सारंग म्हणाला.

"खोटे म्हणजे?" निरीक्षकांनी चष्मा वर केला.

पद्मजानं कागवाडच्या म्हाताऱ्याच्या पिशवीकडं पाहिलं. वर भाजीची जुडी दिसत होती. "आजोबा, मिरची आहे का त्यात?"

"हाय की. तिखट हाय पर."

त्यानं काचेखालून एक मिरची सरकवली. पद्मजानं ती निम्मी चावली, जिभेखाली धरली आणि जागल्यासमोर ताठ उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मोठ्या पडद्यावरचा लाल आकडा थरथरला. एकसष्ट. सत्तर. एकोणऐंशी. पंच्याऐंशी. ड्रॉवरचं कुलूप खट्कन उघडलं.

मागची माणसं टाचा उंचावून पडद्याकडं बघू लागली.

"आता मी तुमच्या कायद्यानं जागी आहे," ती म्हणाली. बोलताना तोंड पोळत होतं. "कुणालाही काहीही देऊ शकते. पण मघापेक्षा कणभरही कमी थकलेली नाही. मागच्या आठवड्यात असाच चौऱ्याऐंशीचा आकडा असताना माझ्या हातून एक माणूस मेला असता. माझ्या सहकारी होत्या, त्यांनी धरलं. त्यांना काल घरी पाठवलंय."

तिनं ड्रॉवर हातानं लोटून बंद केला.

मंदाकिनी तोडकर खुर्चीवरून उठल्या. मग त्यांनी उरलेली मिरची मागून घेतली, तिची टोकाकडची चिमूट तोंडात टाकली आणि जागल्यासमोर डोळे आणले. खोकला लागला, पण आकडा चढलेला बघूनच त्या मागं झाल्या.

"तुम्ही काय कबूल करताय ते कळतंय ना? मला हे लिहावं लागेल. नोंदणीवर चौकशी लागेल."

"लिहा. मी सही करते. पण मिरजेचा एकूणएक आकडा समितीसमोरून काढून घ्या. आणि बाकी गावांचेही तपासा. मिरची फक्त मिरजेतच मिळत नाही."

"अहो, हे इथं बोलायचं नाही," सारंग खालच्या आवाजात म्हणाला. "लोक उभे आहेत. आधी औषधं द्या, मग बघू. कुलूप उघडलंय, मॅडम. द्या ना."

"नाही."

"ओ बाई, माझी गाडी हाय!" मागून आवाज आला. "तुमचं भांडण तुमी मागनं करा की!"

पद्मजाला तो आवाज लागला. वर्षभर याच आवाजाला घाबरून तिनं डबी बाळगली होती. ती काचेजवळ गेली.

"दादा, तुम्हाला औषध मिळेल. पण थकलेल्या हातानं मी देणार नाही. चुकीचं औषध घेऊन गाडीत बसण्यापेक्षा गाडी चुकलेली बरी. दुसरा माणूस इथं का नाही, ते या साहेबांना विचारा."

"मग इचारतो की," तो पुढं आला. "काय ओ साहेब? एवढ्या गर्दीला एकच बाई?"

सारंगनं निरीक्षकांकडं पाहिलं. त्यांची लेखणी चालू होती. डोकं वर न काढता त्या म्हणाल्या, "उपळेकर, तुम्ही बी.फार्म. ना? नोंदणी चालू आहे?"

"आहे. पण मी काउंटरवर..."

"कायद्यानं दुसरा फार्मासिस्ट लागतो. तुम्ही आहात. कोट घाला."

यास्मिनचा कोट खुंटीला होता. सारंगला तो दंडात घट्ट बसला. तो जागल्यासमोर उभा राहिला, आकडा चौऱ्याण्णव आला, आणि त्यानं कागवाडच्या म्हाताऱ्याची चिठ्ठी हातात घेतली. ती उलटी धरली, सुलटी केली, उजेडाकडं नेली.

"साहेब, त्यो माझ्या बीपीचा कागुद हाय," म्हातारा म्हणाला. "गुंतवळ न्हवं सोडवायचा."

रांग पुन्हा हसली. सारंगनं पट्टी काढली, लेबल छापलं, पिशवीत टाकू लागला.

"सर," पद्मजा मागून म्हणाली. "पाच मिलिग्रॅमची लिहिलीय. तुम्ही पन्नासची काढलीत."

सारंगनं पट्टी वळवून पाहिली. त्याच्या डोक्यावरचा आकडा चौऱ्याण्णवच होता. त्यानं तो पाहिला, मग पट्टी, मग पुन्हा आकडा. त्यानं पट्टी बदलली.

चार चिठ्ठ्या झाल्या. प्रत्येक चिठ्ठी तो काढायचा, पद्मजा वाचायची. दोनदा तिनं त्याला थांबवलं. एकदा त्यानं स्वतःच मागं वळून विचारलं, "हे बरोबर आहे ना?" पाचव्या चिठ्ठीला त्याच्या शर्टाची कॉलर भिजली होती आणि रांग होती तेवढीच होती. त्यानं खिशातून फोन काढला.

"कुणाला करताय?" पद्मजानं विचारलं.

"बागवान मॅडमना. आजच्या दिवस येतात का बघतो."

"आजच्या दिवस विचारू नका. ती येणार नाही, आणि मीही तिला ये म्हणणार नाही."

सारंग फोन हातात धरून उभा राहिला. काचेपलीकडून पुढची चिठ्ठी आत आली. तोडकर मॅडमनी कागद पद्मजापुढं सरकवला आणि सहीची जागा बोटानं दाखवली. तिनं पूर्ण नाव लिहिलं, नोंदणी क्रमांकासह. जिभेची आग अजून थांबलेली नव्हती.

फोन लागला होता. पलीकडून यास्मिनचा आवाज ऐकू आला, "बोला, सर."

सारंगनं फोन कानाशी धरला. त्यानं चिठ्ठीकडं पाहिलं, ती वाचायचा प्रयत्न केला, आणि ती मागं, पद्मजाच्या हातात दिली.

"बागवान मॅडम," तो म्हणाला, "नेमणुकीचं बोलायचं होतं. कायमच्या."